चिकूला पाचवा कोर्स देण्याआधी

प्रश्न: आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहतो. आमची लॅब्रॅडॉर मादी, चिकू, नऊ महिन्यांची आहे, वजन २४ किलो. चौथ्या महिन्यापासून तिला लघवीचं इन्फेक्शन होतंय. सारखी बसते, चार थेंब होतात, कधी गुलाबी रंग दिसतो. आतापर्यंत अँटिबायोटिकचे चार कोर्स झाले. दर वेळी आठ-दहा दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. बागेत नेली की व्यवस्थित शू करते, पण झोपून उठली की गादी ओली असते आणि तिला पत्ताही नसतो. रात्री पाणी बंद करून पाहिलं, ओरडून पाहिलं. सासरे म्हणतात निफाडच्या मळ्यावर सोडून येऊ. घरात तीन वर्षांचा मुलगा आहे, त्याचीही काळजी वाटते. काय करावं?

उत्तर:

ताई, रक्त, थेंब, चार कोर्स हे तुम्ही नीट लिहिलंत आणि ओल्या गादीचं जाता जाता लिहिलंत. माझ्या दृष्टीनं मात्र सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. जागी असताना वारंवार बसणारी कुत्री आणि झोपेत नकळत गळणारी कुत्री, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. चिकूला दोन्ही आहेत. तिला इन्फेक्शन होतंय हे खरं, पण ते कशामुळे तरी पुन्हा पुन्हा होतंय आणि ते ‘कशामुळे’ अजून कुणी शोधलेलं दिसत नाही. म्हणून पाचवा कोर्स सुरू करण्याआधी थांबा.

नाशिकमध्ये २१ वर्षं मी कुत्र्या-मांजरांवर उपचार करते आहे. धडधाकट, तरुण कुत्रीला एखाद्या वेळी लघवीचं इन्फेक्शन होणं यात नवल नाही. मादीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असतो, आतड्यातले ई. कोलाय जंतू शेपटीखालून वर चढायला फार अंतर नसतं. पण शरीराची स्वतःची सोय चांगली असते. मूत्राशय भरतं, जोरात रिकामं होतं, त्या धारेबरोबर जंतूही बाहेर पडतात. ही सोय कुठेतरी बिघडलेली असेल तरच जंतूंना आत मुक्काम मिळतो. पाळीव प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या संस्थेनं २०१९ साली जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत सहा महिन्यांत दोन किंवा वर्षात तीन वेळा इन्फेक्शन झालं तर त्याला ‘वारंवार होणारं’ म्हणावं आणि मुळाशी काय आहे ते शोधावं असं सांगितलंय. चिकूचे पाच महिन्यांत चार झाले.

आता गळण्याकडे येऊ. दोन मूत्रपिंडांतून दोन बारीक नळ्या निघतात, मूत्रवाहिन्या. त्या मूत्राशयाच्या भिंतीत तिरक्या शिरतात आणि लघवी आत सोडतात. मूत्राशयाच्या तोंडाशी स्नायूंचा बंद असतो, म्हणून लघवी साठते आणि कुत्रं हवं तेव्हा ती सोडू शकतं. काही पिलांमध्ये जन्मापासूनच यातली एक नळी, किंवा दोन्ही, चुकीच्या जागी उघडतात: त्या बंदाच्या पुढे, मूत्रमार्गात किंवा योनिमार्गात. तिथे अडवणारं काही नाही. मूत्रपिंड दिवसरात्र लघवी तयार करत असतं, ती तशीच झिरपत राहते आणि कुत्री आडवी झाली, झोपली की साठलेली बाहेर येते. डॉक्टरी भाषेत याला एक्टोपिक युरेटर म्हणतात. हे नरांपेक्षा माद्यांमध्ये कितीतरी जास्त सापडतं आणि ज्या जातींमध्ये ते अधिक दिसतं त्यांत लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर आणि सायबेरियन हस्की येतात.

इथे बहुतेकांची फसगत होते. ‘बागेत तर नीट शू करते, मग नळीत दोष कसा?’ एकच नळी चुकलेली असेल तर दुसऱ्या नळीची लघवी मूत्राशयात व्यवस्थित साठते. कुत्री बागेत बसून छान धार सोडते आणि घरी येऊन तासाभरात गादीही ओली करते. दोन्ही एकाच वेळी खरं असतं. सतत ओलसर राहिल्यामुळे आणि नळीचं तोंड भलत्या जागी असल्यामुळे जंतूंना वर चढायला वाट मिळते, इन्फेक्शन पुन्हा पुन्हा होतं. काही वेळा ते मूत्रपिंडापर्यंत पोचतं. मला धास्ती आहे ती याची.

चिकूला हेच आहे असं मी तिला न तपासता म्हणणार नाही. पण माझ्या टेबलावर ती असती तर सगळ्यात आधी मी हे पाहिलं असतं, आणि सोबत आणखी काही गोष्टी.

एक अगदी साधी गोष्ट, जी बिनखर्चात कळते. तिची योनी कातडीच्या घडीत आत दडलेली आहे का ते पाहा. अंगानं भरलेल्या लॅब्रॅडॉरमध्ये हे बरंच दिसतं. वरची घडी बोटानं उचलली की आत लालसर, ओलं, वास येणारं कातडं दिसतं. लघवीचे थेंब तिथे अडकतात आणि ती उठल्यावर गळतात. पहिल्या हीटनंतर, म्हणजे ती पहिल्यांदा माजावर येऊन गेल्यावर, हा भाग वाढून बाहेर येतो आणि पुष्कळ जणींना आराम पडतो. नाही पडला तर घडी काढून टाकण्याची छोटी शस्त्रक्रिया आहे. दुसरं, पिलांमधला योनिदाह. चिकट पांढरट-पिवळा स्राव, सारखं चाटणं, पण कुत्री खाऊन-पिऊन मजेत. तोही बहुतेकदा पहिल्या हीटनंतर आपोआप जातो आणि त्याला अँटिबायोटिकचा मारा लागत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे: निदान होईपर्यंत तिचं नसबंदीचं ऑपरेशन उरकू नका. नसबंदीला माझा विरोध नाही, उलट मी ती सगळ्यांना सुचवते. पण चिकूच्या बाबतीत पहिली हीट येऊन जाणं हाच कदाचित उपचाराचा भाग ठरेल, आणि आधीच गळणाऱ्या मादीची नसबंदी लवकर केली तर बंद आणखी सैल पडण्याची भीती असते. याच कारणासाठी हीटचं रक्त आणि लघवीतलं रक्त यांतला फरकही लक्षात ठेवा. आता या वयात तिला कधीही हीट येऊ शकते. योनी सुजलेली, चालता चालता टिपके पडताहेत, नर मागे लागताहेत, तर ती हीट आहे. लघवीच्या शेवटी गुलाबी थेंब आणि कुंथणं, तर ते मूत्राशय.

(इतर वाचकांसाठी: बाहेर मोकळं फिरणाऱ्या तरुण कुत्र्याच्या लिंगातून किंवा योनीतून आठवडेच्या आठवडे रक्त ठिबकत असेल तर तो समागमातून पसरणारा गाठीचा कॅन्सर असू शकतो. आपल्याकडे भटक्या कुत्र्यांमुळे तो भरपूर आहे. लघवीचं इन्फेक्शन समजून त्याला महिनोन्‌महिने गोळ्या दिल्या जातात. व्हिनक्रिस्टिनच्या साप्ताहिक इंजेक्शनांनी तो बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो.)

मग मूतखडा. यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे मी स्वतः चुकले आहे.

प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत नाशिक रोडहून एक दीड वर्षाचा डाल्मेशियन यायचा. चिकूसारखंच, थेंब थेंब आणि अधूनमधून रक्त. मी एक्स-रे काढला, खडा दिसला नाही. ‘खडा नाही, इन्फेक्शन आहे’ असं सांगून गोळ्या दिल्या. असं तीनदा झालं. दिवाळीच्या रात्री घरचे त्याला घेऊन आले तेव्हा लघवी पूर्ण बंद होती, पोट टणक, उलट्या सुरू. फटाक्यांच्या भीतीनं तो शू करत नाही असं त्यांना दुपारभर वाटत राहिलं होतं. तो वाचला, पण त्या रात्रीची आठवण अजून जात नाही. डाल्मेशियन जातीत जन्मजात दोष असतो, त्यांच्या लघवीत युरिक अॅसिड जास्त उतरतं आणि त्याचे युरेट खडे होतात. हे खडे साध्या एक्स-रेवर बहुधा दिसतच नाहीत. सोनोग्राफीत दिसतात. मी त्या दिवसापासून एक्स-रेवर खडा दिसला नाही तर ‘खडा नाही’ असं म्हणत नाही, ‘एक्स-रेवर दिसला नाही’ असं म्हणते आणि सोनोग्राफीला पाठवते.

चिकू मादी लॅब्रॅडॉर आहे, तिला युरेटची शक्यता कमी. तिला खडा असलाच तर स्ट्रुव्हाइट असण्याची शक्यता जास्त, आणि कुत्र्यांत तो बहुतांशी इन्फेक्शनमुळेच होतो. काही जंतू, विशेषतः स्टॅफिलोकॉकस आणि प्रोटियस, लघवीतला युरिया फोडून ती अल्कधर्मी करतात आणि मग खडा बसतो. खड्याच्या आत जंतू दडून राहतात, त्यामुळे कोर्स संपला की इन्फेक्शन पुन्हा डोकं वर काढतं. हे खडे योग्य अँटिबायोटिक आणि खास आहार यांनी विरघळू शकतात. कॅल्शियम ऑक्सॅलेटचे विरघळत नाहीत, ते काढावेच लागतात. पण कुणी सुचवलं म्हणून ‘युरिनरी’ लिहिलेलं खाद्य लगेच आणू नका. खडा विरघळवणाऱ्या आहारात प्रथिनं मुद्दाम कमी ठेवलेली असतात, वाढीच्या वयातल्या पिलाला ते मानवत नाही. आणि रिपोर्टमध्ये ‘क्रिस्टल्स’ लिहून आले तर घाबरू नका. निरोगी कुत्र्याच्या लघवीतही स्ट्रुव्हाइटचे स्फटिक सापडतात, फ्रिजमध्ये ठेवलेल्या नमुन्यात तर नंतरही तयार होतात. स्फटिक म्हणजे खडा नव्हे.

बोअरवेलच्या पाण्याबद्दल मला आठवड्यातून एकदा तरी विचारलं जातं. पाणी जड आहे म्हणून माणसाला मूतखडा होतो, मग कुत्र्यालाही होणार, असा तो हिशोब. कुत्र्याच्या खड्यामागे जंतू, जात आणि कधी यकृताचा जन्मजात दोष हीच मोठी कारणं असतात. पिण्यायोग्य कुठलंही पाणी द्या, पण भरपूर द्या.

आणि ते रात्रीचं पाणी बंद करणं आजच थांबवा. मला तुमचा हेतू कळतो, सगळे जण हेच करतात. पण पाणी तोडलं की लघवी दाट होते, आधीच सुजलेल्या मूत्राशयाला ती जास्त झोंबते, जंतू वाहून जायचे तेही राहतात. मूत्रपिंडात काही बिघाड असेल तर पाणी तोडणं धोक्याचं आहे. त्याऐवजी ती किती पाणी पिते ते मोजा. सकाळी मापानं भांडं भरा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं मोजा, मध्ये घातलेलं धरा, ताक-दूध दिलं असेल तेही धरा. तीन दिवस करा. कुत्र्यानं दिवसाला किलोमागे १०० मिलीपेक्षा जास्त पाणी पिणं हे जास्तच समजायचं. चिकूसाठी तो आकडा २.४ लिटर. त्याच्या वर सतत जात असेल तर गळण्याचं कारण पुढे मूत्राशयात शोधण्याऐवजी मागे मूत्रपिंडात शोधावं लागेल. काही पिलांत मूत्रपिंड जन्मतःच नीट घडलेलं नसतं. आपल्याकडे घरोघरी असलेल्या ल्हासा अॅप्सो आणि शित्झू यांत हा दोष माहितीतला आहे, पण इतर जातींतही सापडतो.

आता तपासणी. तुम्ही पाठवलेल्या कागदांत चारही वेळचा युरिन रिपोर्ट आहे, कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखण्याची तपासणी, एकाही वेळचं नाही. नुसत्या पट्टीवर विसंबू नका. माणसांच्या लॅबमध्ये जी पट्टी लघवीत बुडवतात, तिच्यावरचे पांढऱ्या पेशींचे आणि नायट्राइटचे चौकोन कुत्र्यांच्या बाबतीत भरवशाचे नाहीत. लघवीची घनताही पट्टीवरची धरू नये, ती रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या छोट्या यंत्रावर पाहतात. गोळ्यांशिवाय असतानाच, सकाळच्या पहिल्या लघवीची घनता १.०३० च्या वर असेल तर मूत्रपिंड लघवी दाट करू शकतंय असा दिलासा मिळतो.

कल्चरसाठीचा नमुना सुईनं थेट मूत्राशयातून घेतलेला हवा. हे ऐकून लोक दचकतात. सोनोग्राफीत बघत बघत पोटावरून बारीक सुई घालतात, काही सेकंदांचं काम आहे, बहुतेक कुत्र्यांना लसीच्या इंजेक्शनपेक्षा जास्त काही जाणवत नाही. बागेत वाटीत धरलेल्या लघवीत शेपटीखालचे, केसांतले, गवतातले सगळे जंतू येतात आणि मग लॅब भलत्याच जंतूचा रिपोर्ट देते. वाटीतला नमुना साध्या तपासणीला मात्र चालतो. उकळून गार केलेली लांब दांड्याची पळी हळूच मागून सरकवायची, मधली धार घ्यायची आणि अर्ध्या तासात लॅबमध्ये पोचवायची. ट्रॅफिकमुळे शक्य नसेल तर फ्रिजमध्ये ठेवून न्या आणि तसं सांगा.

कल्चर अँटिबायोटिक सुरू असताना घेतलं तर पुष्कळदा काहीच उगवत नाही आणि सगळ्यांची समजूत होते की इन्फेक्शन नाही. सध्या गोळ्या सुरू असतील तर त्या केव्हा थांबवून किती दिवसांनी नमुना घ्यायचा हे तुमच्या डॉक्टरांना विचारा, स्वतः ठरवू नका. रिपोर्ट दोन-तीन दिवसांत येतो आणि कोणता जंतू कोणत्या औषधाला दाद देतो ते त्यात लिहिलेलं असतं. माझा अंदाज असा की चार कोर्स झाल्यावर एखाद-दुसऱ्या औषधाला तिचे जंतू निर्ढावलेले निघतील. म्हणूनच अंदाजानं पाचवं औषध टाकू नये.

आधीच्या चारही कोर्सच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या असतील तर जपून ठेवा, दाखवायला न्या. त्यांत एनरोफ्लॉक्सासिन असेल तर मुद्दाम विचारा. चांगलं औषध आहे, पण वाढत्या वयाच्या कुत्र्यांत ते सांध्यांच्या कूर्चेला इजा करू शकतं, मोठ्या जातींत साधारण वर्षाची होईपर्यंत टाळतात. लॅब्रॅडॉरला आधीच कमरेच्या सांध्यांचा त्रास असतो. दुसरा काहीच पर्याय नसेल तर डॉक्टर विचार करून देतील, तो वेगळा प्रश्न. साध्या, पहिल्यांदा झालेल्या इन्फेक्शनला अमॉक्सिसिलिनसारखं औषध तीन ते पाच दिवस पुरतं, असं आता मानतात. वारंवार होणाऱ्याला मुदत प्रकृतीनुसार ठरते, मूत्रपिंडापर्यंत पोचलं असेल तर दहा ते चौदा दिवस. आणि कोर्स संपल्यावर पाच ते सात दिवसांनी पुन्हा कल्चर, म्हणजे जंतू गेलेच नव्हते की जाऊन परत आले ते कळतं. या दोन्हींचे अर्थ वेगवेगळे निघतात.

दुखतंय म्हणून घरातली माणसांची गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल यांतलं काहीही नाही, अर्धी गोळीसुद्धा नाही. यांनी पोटात अल्सर, मूत्रपिंड किंवा यकृत निकामी झालेली कुत्री मी पाहिली आहेत. धण्याचं पाणी, गोखरूचा काढा, सब्जा यांनी तिचा जीव जाणार नाही, पण नळी चुकलेली असेल तर काढ्यानं ती जागेवर येत नाही आणि मध्ये जे महिने जातात ते मूत्रपिंडाच्या हिशोबात जातात.

घरातलं सांभाळणं हा तुमचा रोजचा प्रश्न आहे, तपासण्या होईपर्यंत तो संपणार नाही. एक वही करा आणि प्रत्येक वेळी तीन गोष्टींपैकी काय झालं ते लिहा. ती जागी होती, घाईनं जाऊन बसली आणि थोडीशीच झाली, तर ती मूत्राशयाची जळजळ. ती झोपेत होती किंवा चालता चालता तिच्या नकळत थेंब पडले, तर ते गळणं. सासरे घरात आले, आवाज चढला आणि ती कान पाडून, पोट वर करून लवंडली आणि तेव्हा झाली, तर ती भीतीची किंवा शरणागतीची. ही तिसरी मी मुद्दाम सांगते आहे, कारण तुम्ही ओरडून पाहिल्याचं लिहिलंय. ओरडल्यानं पहिली दोन बरी होत नाहीत आणि तिसरी नव्यानं सुरू होते. चिकू हे मुद्दाम करत नाही. तिला कळत असतं तर तिनं स्वतःची गादी ओली केली नसती, कुत्रं झोपायच्या जागी घाण करायला नाखूश असतं. दहा दिवसांची ही वही आणि झोपेत गळतानाचा मोबाईलवरचा एक छोटा व्हिडिओ तुमच्या डॉक्टरांना अर्ध्या तपासण्यांइतका उपयोगी पडेल.

झोपायला जाड गादी काढून टाका. तान्ह्या बाळाखाली घालतात ते रबरी कापड आणि वर जुनी गोधडी. दोन गोधड्या आलटून पालटून, धुऊन कडक उन्हात. कुत्र्यांचे डायपर मिळतात, पाहुणे येणार असतील तेव्हा चालतील, पण तीन-चार तासांच्या वर एक ठेवू नका, ओला डायपर म्हणजे जंतूंना आमंत्रण. मांड्यांमधलं कातडं लाल झालं असेल तर कोमट पाण्यानं धुऊन, टिपून कोरडं करा आणि व्हॅसलीनचा पातळ हात द्या. बाळाच्या रॅशचं पांढरं क्रीम लावू नका, त्यात झिंक असतं आणि ती ते चाटणारच. फरशी पुसायला काळं फिनाईल वापरू नका, तिच्या पंजांना आणि जिभेला ते भाजतं. आधी साधं पाणी, मग पाण्यात मिसळलेलं व्हिनेगर, म्हणजे वास राहत नाही आणि वासावरून ती पुन्हा तिथेच बसत नाही. बाहेर काढताना झोपायच्या अगदी आधी एकदा, पहाटे एकदा, आणि दर वेळी तिला घाई न करता दोनदा बसू द्या. पहिल्यांदा मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही.

मुलाबद्दल. साध्या लघवीच्या इन्फेक्शनचा त्याला फारसा धोका नाही. लघवी पुसताना हातमोजे, नंतर साबणानं हात, आणि तिच्या ओल्या गोधडीवर त्याला खेळू देऊ नका. इतकं पुरे. लेप्टोस्पायरोसिस मात्र लक्षात ठेवायला हवा. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून तो कुत्र्यांना होतो आणि कुत्र्याच्या लघवीतून माणसाला होऊ शकतो. पावसाळ्यात गोदावरी चढली, गल्ल्यांत पाणी तुंबलं की माझी या बाबतीतली चिंता वाढते. त्याची लक्षणं चिकूसारखी नसतात: ताप, उलट्या, खाणं बंद, डोळे-हिरड्या पिवळ्या, लघवी फार कमी किंवा फार जास्त. तिच्या लसीच्या पुस्तकात लेप्टोची लस झाली आहे का ते पाहा. ती दरवर्षी द्यावी लागते. जन्तनाशक आणि गोचिडांचं औषध वेळेवर झालंय ना, तेही पाहा. गोचीड तापात लघवी कॉफीसारखी गडद होऊ शकते, ते रक्त मूत्राशयाचं नसतं.

आता सासऱ्यांचं. त्यांचा राग मी समजू शकते. रोज सकाळी देवघरासमोर ओलं सापडत असेल तर कुणाचाही संयम सुटेल. पण मळ्यावर सोडल्यानं चिकूचं गळणं थांबणार नाही, फक्त कुणाला दिसणार नाही. तिकडे तिला कोण कल्चरला नेणार? आणि निफाडचा मळा म्हणजे बहुधा द्राक्षबाग. त्यांना हे जरूर सांगा: द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. किती खाल्ली म्हणजे विष होईल याचा ठरावीक हिशोब लागत नाही, एखादं कुत्रं मूठभर पचवतं आणि दुसरं तेवढ्यातच दगावतं. द्राक्षातलं टार्टारिक अॅसिड हे त्यामागचं कारण असावं असं आता मानलं जातं. चिंचेतही ते भरपूर असतं, म्हणून चिंचही नको. जानेवारीपासून एप्रिलपर्यंत बागेत तोडणी सुरू असताना घडाखाली मणी पडलेले असतात, आणि लॅब्रॅडॉर जमिनीवर पडलेलं काहीही तोंडात घालतो. जिची मूत्रपिंडं आधीच इन्फेक्शननं दमली असतील तिला तिथे सोडणं मला मुळीच मान्य नाही. कधी चुकून खाल्लीच तर उलटी होण्याची वाट न बघता, दोन तासांच्या आत डॉक्टरांकडे न्या.

एरवीही काही गोष्टींत सकाळपर्यंत थांबायचं नाही. ती कुंथतेय आणि एक थेंबही येत नाही, बारा तास लघवी झालेली नाही, पोट हात लावू देत नाही, उलट्या, ताप, किंवा रक्ताच्या गाठी. नर कुत्र्यांच्या घरांनी हे दुप्पट लक्षात ठेवावं. त्यांच्या लिंगात हाड असतं, त्याच्या मागे मूत्रमार्ग अरुंद होतो आणि खडा तिथेच अडकतो. लघवी अडली की रक्तात पोटॅशियम चढतं आणि दिवसा-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. लोकांना वाटतं बद्धकोष्ठ आहे, म्हणून एरंडेल देत बसतात.

क्रम असा ठेवा. आधी डॉक्टरांकडून योनीची घडी तपासून घ्या, रक्तात क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारी तपासणी), सुईच्या नमुन्याचं कल्चर आणि त्याच बैठकीत मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत पूर्ण सोनोग्राफी. सोनोग्राफी करणाऱ्याला स्पष्ट सांगा की झोपेत गळते, मूत्रवाहिन्या बघा, एखादी फुगलेली आहे का. नुसतं ‘युरिन इन्फेक्शन’ सांगितलं तर ते मूत्राशय बघून थांबतील. मूत्राशयाच्या टोकाशी गर्भावस्थेतल्या नाळेच्या नळीचा एखादा कप्पा राहून गेला आहे का, हेही विचारा, त्यात जंतू दडतात. नाशिकमध्ये इतकं होऊ शकतं. पण सोनोग्राफी साफ आली म्हणून नळीचा दोष नाही असं ठरत नाही. खात्री होते ती रंगद्रव्य देऊन काढलेल्या सीटी स्कॅननं किंवा दुर्बिणीनं, आणि त्यासाठी मुंबई किंवा पुणे गाठावं लागेल. परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १८८६ पासूनचं, आणि त्याच आवारात बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय. तुमच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या, आधी फोन करून कोणती तपासणी कुठे आणि कोणत्या दिवशी होते ते विचारा, मगच गाडी काढा.

दोष निघालाच तर उपचार आहे. नळीचं तोंड मूत्राशयात आणून जोडतात, किंवा नळी भिंतीतून सरकत पुढे गेली असेल तर दुर्बिणीतून लेझरनं तिचं तोंड मूत्राशयाच्या आत उघडतात. खरं सांगते, सगळ्या कुत्र्या त्यानंतर पूर्ण कोरड्या होत नाहीत. बऱ्याच जणींना बंद घट्ट करणारं औषध पुढेही लागतं, कारण जन्मजात दोषात तो बंदही थोडा कच्चा असतो. पण इन्फेक्शनची साखळी तुटते, मूत्रपिंड वाचतं, आणि रोज ओली होणारी गादी महिन्यातून एखाद्या वेळी ओली होते. माझ्याकडे येणाऱ्या एका गोल्डन रिट्रीव्हरच्या घरी गेली सहा वर्षं हेच चाललंय आणि ती मुलांच्या पलंगावर झोपते.

मुंबईला जाल तेव्हा चार कोर्सच्या पट्ट्या, वही, व्हिडिओ, कल्चरचा रिपोर्ट आणि लसीचं पुस्तक एकाच फाईलमध्ये घ्या. भूल द्यायची असेल तर आदल्या रात्रीपासून उपाशी किती वेळ ठेवायचं ते फोनवरच विचारून घ्या, पाण्याचंही विचारा. आणि तिची घरची, न धुतलेली एक गोधडी सोबत ठेवा. भूल उतरताना ओळखीचा वास जवळ असला की कुत्री कमी घाबरतात.